आत्तीला न आवडलेली लुगडी

आमच्या आत्तीला जन्मात एक लुगडं पसंत पडलं नाही. म्हणजे माहेरनं दिलेलं. नवऱ्यानं मिलिटरीतनं सुट्टीवर येताना आणलेलं, लेकानं आणलेलं, कुणाच्या लग्नात मानाचं म्हणून अंगावर पडलेलं, ती सगळी लुगडी बाई मुकाट नेसायची. पण दिवाळीत आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील आणि तिचा धाकटा भाऊ, आष्ट्याहून भाऊबीजेचं लुगडं घेऊन तिच्या सासरी उंब्रजला गेले की तिचं नाक वर गेलंच म्हणून समजा. आधी काठ चाचपायची, मग पदर बघायची, मग उजेडाला धरून आरपार बघायची आणि म्हणायची, "चांगलं हाय. पर..."

त्या 'पर'पुढं काय येईल ह्याचा काही नेम नसायचा. एका वर्षी काठ लय रुंद होता, "निम्मं लुगडं काठातच गेलं." दुसऱ्या वर्षी काठ अरुंद होता. एकदा रंगाला नाव ठेवलं, "ह्यात मी उकडलेल्या बटाट्यागत दिसते." आणि एकदा तर कहर केला. म्हणाली, "चालताना सळसळ वाजतंय गं बाई हे. शेजारणीकडं गुपचूप जायाचं म्हटलं तर साऱ्या गल्लीला कळंल." मी म्हटलं, "आत्ती, तू पंच्याहत्तरीत गुपचूप कुठं जायचं काढलंस?" तर पाठीत धपाटा बसला.

आप्पा चिडायचे. गाडीत बसेपर्यंत गप्प असायचे आणि गाडी हायवेला लागली की सुरू व्हायचे. "देवानं सोताच्या हातानं विणून दिलं तरी हिचं 'पर' हायच. पुढल्या साली पैसंच ठेवतो हातावर, घे म्हणतो काय घ्यायचं ते." पुढच्या दिवाळीत पुन्हा दुकानात जाऊन तास न् तास घालवायचे. मला म्हणायचे, "औंदा तिला नाव ठेवायला जागा ठेवायची न्हाई." औंदाही जागा राहायचीच.

मग महिन्याभरात आत्तीचा फोन यायचा, "बदलाया येते गं." आणि सकाळच्या एसटीनं स्वारी हजर. एका हातात लुगड्याची पिशवी, दुसऱ्या हातात वाघ्या घेवडा, खरवसाचा डबा, नाहीतर नुसत्या शेवग्याच्या शेंगा. आल्या आल्या आईच्या स्वयंपाकघरात शिरून भाजीचं झाकण काढायची, वास घ्यायची आणि म्हणायची, "वहिनी, मीठ कमी हाय." वास घेऊन मीठ कळणारी ती एकटीच. आई म्हणायची, "मग घाला की तुमच्या हातानं." ती घालायची. मग दोघी जेवताना ताक पीत बसायच्या, कारण भाजी खारट झालेली असायची, आणि दोघींना त्याचंच हसू यायचं.

जेवण झालं की दुकान. दुकानात मात्र ती कुणाला बरोबर न्यायची नाही. "तुमी मधी मधी बोलता. माझं मन हालतंय." एकटीच जायची, दोन-दोन तासांनी यायची, पिशवीचं तोंड गच्च बांधलेलं. दाखव म्हटलं तर "घडी मोडायची न्हाई. नेसल्यावर बघा." चेहरा मात्र असा खुललेला, की काय सांगू! "आत्ता कसं मनासारखं गावलं!"

आणि मग तिची एसटी चुकायची. ही एक गंमतच होती. आमच्या घरापासून स्टँड पाच मिनिटांवर. तरी चुकायची. कधी चहा गरम होता म्हणून, कधी चप्पल सापडेना म्हणून. एकदा तर ती स्टँडवर जाऊन परत आली आणि म्हणाली, "ड्रायव्हरनं मला बघून गाडी पळवली." मग काय, राहायची. आईच्या पलीकडं अंथरूण टाकायची आणि दोघींची कुजबूज आणि मधेच फिस्सकन हसणं ऐकत मी झोपायची. आप्पा पलीकडच्या खोलीतनं ओरडायचे, "झोपा आता!" त्यावर आणखी हसणं. आई गेल्यावरही आत्तीनं बदलायला यायचं सोडलं नाही. मीठही घालत राहिली. आता माझ्या भाजीत.

मला तिनं सून करून घ्यायचं फार मनावर घेतलं होतं. आमच्याकडं मामाच्या मुलीवर आत्याच्या घरचा हक्क धरतात, आणि आत्तीला हक्क सोडायची सवय नव्हती. मी बी. एड. करत होते तेव्हा एकदा चारचौघांत म्हणाली, "ही माझीच हाय. मी कवाच बोलून ठेवलीया." मी म्हटलं, "आत्ती, नको गं बाई. आठ दिवसांनी मलाही पिशवीत घालून बदलायला आणशील." घरभर हशा झाला. सगळ्यांत मोठ्यानं तीच हसली. डोळे पुसत म्हणाली, "काठ जरा तिखट हाय खरा हिचा." विषय तिथंच मिटला. तिच्या लेकाला पुढं फारच गोड बायको मिळाली आणि मला आष्ट्यातच, आप्पांच्या घरापासून चार गल्ल्या सोडून नवरा मिळाला. सगळ्यांचंच बरं झालं.

एकदा मला जरा शंका आली होती. आप्पांबरोबर जाऊन पोपटी इरकल मी स्वतः निवडली होती, आणि ती तिनं रीतसर बदलून नेली होती. पुढं उंब्रजच्या जत्रेला गेले तर बाई तीच पोपटी इरकल नेसून दारात उभी. मी म्हटलं, "अगं, ही तर मी घेतलेली!" तिनं पदर माझ्या नाकासमोर धरला. "नीट बघ. ह्याचा काठ निराळा हाय. शाळंत पोरास्नी असंच शिकवतीस व्हय?" मी नीट बघितलं. मला काही निराळं दिसलं नाही. पण आत्तीशी काठावरनं वाद कोण घालणार? 

परवाच्या दिवाळीत तेवढं चुकलं. गुडघ्यांनी तिला पार बसवलं होतं, डॉक्टरांनी प्रवासाला सक्त मनाई केली होती. आप्पांनी नेलेलं लुगडं तिनं रिवाजाप्रमाणं उजेडाला धरलं, रिवाजाप्रमाणं 'पर' म्हणाली आणि पुढं म्हणाली, "उन्हं वाढायच्या आत येते बदलाया. दुकानात सांगून ठेवा." दर दोन-चार दिवसांनी फोन करायची. "गुडघं उतरत्यात आता. येतेच." आप्पा फोन ठेवून म्हणायचे, "चालाया येईना, पर लुगडं बदलायचंय!"

फाल्गुनात एका सकाळी फोन वाजला. मी शाळेची तयारी करत होते. आत्तीच्या सुनेचा फोन. एवढंच म्हणाली, "ताई, आत्याबाई गेल्या. च्या मागितला, मी घेऊन आले तवर..."  मी गाडी काढून आप्पांकडं गेले. त्यांना दारातच कळलं. माझ्या तोंडाकडं बघूनच कळलं असणार. खांद्यावर टॉवेल टाकला, चपला पायात घातल्या आणि म्हणाले, "लुगडं घ्यायला पायजे."

ज्यांना हा रिवाज ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडं बाई गेली की शेवटचं लुगडं माहेरचं. सासर कितीही मोठं असो, लेक कितीही कमावता असो, माहेरची माणसं लुगडं घेऊन येईपर्यंत तिला उचलत नाहीत. सगळं गाव खोळंबून बसतं. भाऊ येतो, लुगडं अंगावर घालतो, मग पुढचं. म्हणजे आप्पांना आता तिच्यासाठी शेवटचं एक लुगडं निवडायचं होतं. गाडीत बसल्यावर ते समोर बघत म्हणाले, "ह्या टायमाला तरी तिनं नाव ठेवाय नगं."  जन्मभर ज्या परीक्षेत नापास झाला, तीच पुन्हा द्यायला निघालेला तो म्हातारा! आणि ह्या वेळी निकालही लागणार नव्हता.

दुकान उघडायला अजून अवकाश होता. दुकानदारकाका वरच्या मजल्यावरच राहतात. हाक मारल्यावर गॅलरीतनं बघितलं, आप्पांना बघून खाली आले, काही न विचारता शटर वर केलं. "आक्का?" म्हणाले. आत्तीला ते आक्काच म्हणायचे. आप्पांनी मान हलवली. काका गल्ल्याच्या खुर्चीवर न बसता तसेच गादीवर बसले.

तेवढ्यात माझा फोन वाजला. आत्तीची धाकटी जाऊ. "फिक्कंच आणा बरं का. विधवा बाईला गडद रंग चालत न्हाई." माझं डोकंच फिरलं. माणूस जाऊन दोन तास झाले नाहीत आणि ह्यांना रंगाची पडलेली! मी म्हटलं, "काकी, फिक्क्यात आत्ती उकडलेल्या बटाट्यासारखी दिसते. तिनंच सांगितलंय." आणि फोन बंद केला. काकी काय समजायच्या ते समजोत.

काकांनी इरकली काढायला सुरुवात केली. आप्पा एकेक हातात घेत होते, उजेडाला धरत होते, अगदी आत्तीसारखे, आणि बाजूला ठेवत होते. "ह्याचा काठ रुंद हाय... ह्यो रंग तिला... हे वाजतंय." मी मधे बोलायला गेले तर हातानं गप्प केलं. गादीवर ढीग झाला. शेवटी काठाचा एक कोपरा मुठीत धरून ते तसेच बसले आणि काकांना म्हणाले, "तुमीच सांगा. तुमच्याकडनं बदलून न्यायची ती. तिला आवडायचं ते कसलं असायचं? तसलं द्या."

काकांनी हातातली घडी खाली ठेवली. मग म्हणाले, "आप्पा, आता त्या न्हाईत, म्हणून सांगतो. आक्कांनी लुगडी बदलली कुठं? कवातरी एखादं बदललं असंल. न्हाईतर इथं बसायच्या, ढीग काढायला लावायच्या, च्या प्यायच्या, समद्यांची इचारपूस करायच्या. आन जाताना तुमी दिलेलंच परत पिशवीत घालून न्यायच्या."

"म्हंजी?" आप्पा म्हणाले.

"म्हंजी तेच. तुमी घेतलेलंच. मी म्हणायचो, आक्का, मग आणलं कशाला? तर म्हणायच्या, गप बस, आप्पाला सांगू नगंस."

पोपटी इरकल माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली. ह्याचा काठ निराळा हाय, नीट बघ! बया गं! आणि मी बघत बसले होते.

 आप्पांनी समोरच्या ढिगातनं एक डाळिंबी इरकल उचलली. न उजेडाला धरता, न काठ बघता. "हे द्या," म्हणाले. काकांनी घडी नीट केली आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं पदराच्या कोपऱ्याला दुकानाची चिठ्ठी टाचली. ती चिठ्ठी असेल तरच तिथं लुगडं बदलून मिळतं. टाचल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. "चुकलं, आप्पा. मयताचं कापड आमी परत घेत न्हाई. काढतो." पण आप्पांनी तोवर लुगडं छातीशी धरलं होतं आणि ते दाराकडं वळले होते.

पेठ नाक्यावरनं हायवेला लागलो. रस्त्याचं काम चालू, जागोजागी वळणं काढलेली, पुढं उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, आणि मी सगळ्यांना मनातल्या मनात शिव्या घालत चाललेली. तिकडं माणसं खोळंबलेली. आप्पा लुगडं मांडीवर घेऊन बाहेर बघत होते. हायवेला लागलं की लुगड्यावरनं बोलायची त्यांची सवय. त्या दिवशीही बोलले, पण निराळं.

"नवं लगीन झालं हुतं तिचं. मी असंन सात-आठ वर्सांचा. भर दुपारी दारात येऊन उभी ऱ्हायली. एकटीच. पायात चप्पल न्हाई. मला लय आनंद झाला, मी नुसता उड्या माराय लागलो. आमच्या बापानं तिला तांब्याभर पाणी दिलं. आन इचारलं, कशाला आलीस?"

मी गाडी हळू केली.

"तिला काय सांगता येईना. काय झालंच नव्हतं. कुणी मारलं न्हाई, बोललं न्हाई. नुसती आली हुती. आठवण आली म्हणून. पर तसं म्हणता याया नगं? बाप म्हणाला, कारण नसताना लेकीनं माहेराला येऊ ने, लोक नावं ठेवत्यात. लगीच गाडी जुपली आन तिला नेऊन सोडली. भाकरी बी खाल्ली न्हाई तिनं." आप्पांनी टॉवेल तोंडाला लावला. "मी गाडीमागं पळालो हुतो. ती मागं बघून नुसती हात करत हुती, जा म्हणून."

 कराड मागं पडलं तेव्हा आप्पा म्हणाले, "त्या दिवसापासनं ती कवा बिनकारणी आली न्हाई बघ. आन मी येडा. मी बी तिला कवा म्हटलं न्हाई, आक्का, नुसती ये. लुगडं बदलाया आली की शिव्या घालत बसलो."

 हसणारी, खारट भाजी करणारी, ड्रायव्हरवर आळ घेणारी माझी आत्ती! जन्मभर एक कारण पिशवीत घालून आपल्याच घरी येत राहिली, आणि आम्हाला वाटायचं बाई चिकित्सक आहे. माझं रडू मला आवरेना. समोरचं नीट दिसेना तेव्हा मी गाडी बाजूला घेतली आणि मनसोक्त रडून घेतलं. आप्पांनीच मला पाणी दिलं. म्हणाले, "चल आता. लोक थांबल्यात."

उंब्रजला अंगणात माणूस मावत नव्हतं. आम्हाला बघून गर्दीनं वाट दिली, "माहेरची आली, माहेरची आली." बायका आत्तीला आंघोळ घालून ओसरीवर बसल्या होत्या. काकींनी आप्पांच्या हातातल्या डाळिंबी रंगाकडं एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं. मी पण फिरवलं.

आत्तीची सून उठून माझ्या गळ्यात पडली. मग डोळे पुसून दारामागच्या खुंटीकडं गेली आणि एक पिशवी काढून माझ्या हातात दिली. तोंड गच्च बांधलेलं. "दिवाळीच्या लुगड्याची हाय. बदलायचं म्हणून इथंच अडकवून ठेवली हुती त्यांनी. मी म्हणायची कपाटात ठेवते, तर नगं म्हणायच्या. निघायच्या टायमाला घाई हुती म्हणून." काल संध्याकाळीसुद्धा आत्ती विचारत होती म्हणे, कवा नेतासा आष्ट्याला.

आप्पा आत्तीजवळ बसले. तिच्या कपाळावरचे केस सारखे केले. त्यांनी तिला कधी असा हात लावलेला मी बघितला नव्हता. मग डाळिंबी लुगड्याची घडी मोडली, ते तिच्या अंगावर पसरलं, आणि काठ सारखा करत बसले. रंग तिला काय शोभला! खरं सांगते, मी क्षणभर 'पर' ऐकायची वाट बघत होते.

एका बाईला पदराची चिठ्ठी दिसली. "अगं बाई, दुकानाची चिठ्ठी तशीच ऱ्हायली की," म्हणत ती काढायला वाकली. टाचणीला हात लावणार, तोच आप्पांनी तिचा हात धरला.

"राहू द्या ती," आप्पा म्हणाले.

"आवं, पर आता कशाला..."

"राहू द्या," आप्पा म्हणाले. "तिला यायला कारण लागतंय."

त्या बाईनं हात मागं घेतला. सुनेनं ती चिठ्ठी पदराच्या घडीखाली नीट सारली.